चौपन्न हजार तीनशे

गेले तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. पहिल्या शनिवारी रिलीज होता, दुसऱ्या शनिवारी निव्वळ कंटाळा, आणि तिसऱ्या शनिवारी मी गावी होतो. गावी म्हणजे धामणगाव रेल्वे, जिल्हा अमरावती. (बुलढाणा जिल्ह्यात दुसरं धामणगाव आहे, बढे. आमचं रेल्वेचं. पुण्यात दर वेळी हे सांगावं लागतं.) तिथे भावाशी गप्पा मारताना एक जुना विषय निघाला आणि म्हटलं, हे लिहून टाकू एकदा. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

तर, 2022 चा जानेवारी. सकाळी साडेसातला मावसभावाचा फोन. त्याचं धामणगावला मेडिकल स्टोअर आहे, त्यामुळे घरातले सगळे रिपोर्ट आधी त्याच्या व्हॉट्सअॅपवर जातात आणि मग डॉक्टरकडे. आदल्या रात्री मीच सवयीने माझा पाठवला होता.

"दादा, हा रिपोर्ट तुहा हाये का बंटीचा?"

"माझा."

पुढे बराच वेळ तो काही बोललाच नाही.

रिपोर्टवर पांढऱ्या पेशी होत्या 54,300. माणसाच्या साधारण चार ते अकरा हजार असतात. खाली शेरा होता की अपरिपक्व पेशी दिसत आहेत, वैद्यकीय सल्ला घ्यावा. मावसभाऊ गप्प का झाला ते मला बरोबर कळलं. सात महिन्यांपूर्वी त्यानेच बंटीचा असाच एक कागद पाहिला होता. ताप उतरत नव्हता, हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून सहज केलेली तपासणी. त्यावर होतं 61,800. बंटी माझा धाकटा भाऊ, तेव्हा एकोणतीस वर्षांचा. निदान झालं अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया.

फरक एवढाच की त्याचा आकडा रोगाने आणला होता आणि माझा आम्ही मुद्दाम आणला होता. इंजेक्शनं टोचून.

बंटीची केमो झाली, रोग आटोक्यात आला, पण डॉक्टरांचं म्हणणं पडलं की ट्रान्सप्लांट केलं नाही तर परत येईल. आम्ही तीन भावंडं. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ताईचं अर्धं जुळलं, माझं पूर्ण. आईने लगेच दत्ताला नारळ फोडला. मी मात्र गूगल उघडलं. तुम्हीही तेच केलं असतं.

माझ्या डोक्यात चित्र असं होतं की आपल्याकडे 'स्टेम सेल' नावाची वस्तू आहे, ती काढायची आणि भावाला द्यायची. सर्व्हरवरून फाइल कॉपी केल्यासारखं. आपल्या बाजूला काही बदलत नाही. हे चित्र किती चुकीचं होतं, ते सांगण्यासाठीच आजचा लेख.

थोडं मागे जाऊ. भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात 1983 साली झालं. डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरत असे. पेशंट होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. तेव्हा मॅरो काढायचा म्हणजे दात्याला भूल द्यायची आणि कमरेच्या हाडात जाड सुई पुन्हा पुन्हा घालून ओढायचा. आजही काही वेळा तसं करतात. स्टेम सेल हाडात राहतात, रक्तात नाममात्र फिरतात, म्हणून हाडात शिरण्यावाचून इलाज नव्हता.

गंमत म्हणजे त्याच 1983 साली मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ यांच्या गटातल्या निकोला वगैरे मंडळींनी उंदरांपासून एक प्रथिन शुद्ध करून काढलं. जी-सीएसएफ. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशींचा कारखाना तिसऱ्या शिफ्टला लावणारा निरोप म्हणजे हे प्रथिन. माणसातलं त्याचं जनुक 1986 मध्ये जपान आणि अमेरिकेत वेगवेगळं सापडलं, आणि मग ते बॅक्टेरियाकडून भरपूर बनवून घेता यायला लागलं. केमोमुळे पेशी उतरलेल्या पेशंटसाठी ते औषध होतं. 1988 मध्ये मेलबर्नमध्येच असं लक्षात आलं की हे दिलेल्या पेशंटच्या रक्तात नुसत्या पांढऱ्या पेशीच वाढत नाहीत, तर एरवी हाडात बसून असणाऱ्या मूळ पेशीही शंभर शंभर पटींपर्यंत बाहेर येतात. एका कामासाठी लिहिलेल्या कोडचा भलताच उपयोग निघावा, तसं झालं. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरोगी दात्यांना हेच टोचून हातातल्या शिरेतून स्टेम सेल गोळा करणं सुरू झालं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने 2001 मध्ये भारतात बनवलेलं आणलं, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं.

वजनाच्या किलोमागे 10 मायक्रोग्रॅम रोज, चार ते पाच दिवस. माझं वजन तेव्हा 72. (आता विचारू नका.)

पण टोचायच्या आधी एक भानगड झाली. दात्याच्या तपासण्यांत हिमोग्लोबिनची एक असते. 'तुम्ही मूळचे कुठले?' असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि अमरावती जिल्हा म्हटल्यावर त्यांनी त्या तपासणीभोवती दोनदा गोल केला. विदर्भ म्हणजे सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या वाहकांबद्दल लिहिलं होतं. माझा रिपोर्ट आला 'एएस'. म्हणजे मी वाहक. आजार नाही, त्रास नाही, चौतीस वर्षं पत्ताच नाही. बंटीचा 'एए'. आईची तपासणी केली, तीही एएस.

"म्हंजे माह्याकडून आलं?" आई म्हणाली. तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

यात धोका काय? ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे त्यांना जी-सीएसएफ देणं घातक ठरू शकतं. त्याने मृत्यूही झालेले आहेत. कारण भडकलेल्या, चिकट झालेल्या न्यूट्रोफिल पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरतात आणि विळ्यासारख्या लाल पेशींचा तिथे ट्रॅफिक जॅम होतो. वाहकांचं तसं नाही. 2002 मध्ये अमेरिकेत वाहक दात्यांवर छोटा अभ्यास झाला होता, त्यांनी इंजेक्शनं नीट सोसली, पेशीही पुरेशा मिळाल्या. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं, पाणी भरपूर पी म्हणाल्या, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं, "तुमचा भाऊ पण आता एएस होईल बरं का." लाल पेशी माझ्या कारखान्यातून निघणार म्हटल्यावर हिमोग्लोबिनही माझंच. रक्तगटही त्याचा बी जाऊन माझा ओ येणार होता. तोपर्यंत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हाडं दुखायला लागली. कंबर, मांड्या, छातीचं हाड. ताप येण्याआधी जसं ठणकतं तसं, पण आतून, ठोक्याबरोबर. पॅरासिटामॉल घ्यायचं आणि निपचित पडायचं. आईचा हॉस्पिटलातून फोन, "लय दुखून राह्यलं का बाबू?" मी नाही म्हणायचो. प्लीहा सुजते म्हणून उड्या मारायच्या नाहीत, वजन उचलायचं नाही. पाचव्या दिवसापर्यंत 7,200 चे 54,300 झाले. तो रिपोर्ट पाहून मावसभावाचा फोन.

आता मुद्द्यावर येतो. या पाच दिवसांत आत नेमकं काय होतं?

मी समजत होतो की इंजेक्शन स्टेम सेलला जाऊन सांगतं, 'चल बाहेर.' तसं नाहीच. आमच्याकडे गोठ्यात बैल दाव्याने खुंट्याला बांधलेला असतो. इथे हाडातल्या पेशी एक रसायन सोडतात आणि स्टेम सेलच्या अंगावरचा रिसेप्टर ते धरून राहतो. तेच दावं. इंजेक्शन बैलाला हातही लावत नाही, ते गोठ्यातल्या बाकीच्यांना बिघडवतं. न्यूट्रोफिल बेसुमार वाढून दावं कुरतडणारी विकरं ओततात, दावं वळणाऱ्या पेशींची राखण करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी कमी होतात, ते रसायनच आटतं. मग बैल सुटतो. म्हणजे स्टेम सेल बाहेर येणं हा आधीपासूनच रोगप्रतिकारक पेशींच्या गोंधळाचा परिणाम आहे.

आणि गोंधळ म्हटल्यावर तो तेवढ्यापुरता कसा थांबेल? 54,300 मधले बहुतेक न्यूट्रोफिल होते, त्यातले कितीतरी अर्धवट वयाचे, कारखान्याने पॅकिंग न करताच पाठवलेले. सूक्ष्मदर्शकाखाली ते जबर संसर्ग झाल्यासारखे दिसतात. मोनोसाइट कित्येक पटींनी वाढतात, आणि त्यांची वागणूक बदलते. एरवी हे लोक टी पेशींना शत्रू दाखवून 'मारा' म्हणणारे. जी-सीएसएफखाली ते उलट शांत करणारी आयएल-10 सारखी रसायनं जास्त सोडतात आणि चिथावणारी कमी. सिअॅटलच्या संशोधकांनी 2000 साली दाखवलं की दात्याच्या रक्तात एका विशिष्ट जातीच्या डेंड्रिटिक पेशी वाढतात, ज्या टी पेशींना मारामारीपेक्षा सौम्य वळणाकडे नेतात. त्याआधी 1995 मध्ये उंदरांवर दिसलं होतं की जी-सीएसएफ दिलेल्या दात्याच्या टी पेशी हल्लेखोर प्रकार सोडून दुसऱ्या, मवाळ प्रकाराकडे झुकतात आणि ज्याला त्या दिल्या त्या उंदराला कमी चावतात. नॅचरल किलर पेशीही काहीशा मंदावतात.

यातलं बरंचसं आडमार्गाने होतं. टी पेशीला थेट हुकूम कमी, शेजाऱ्यांकडून कानभरणी जास्त. (ऑफिसमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.)

मला हे वाचून उगाच बरं वाटलं होतं. म्हणजे माझं रक्त बंटीच्या शरीरात जाण्याआधी मुकाट, गरीब स्वभावाचं होऊन जाणार. मी फोनवर आईला तसं सांगितलंही.

गोळा करायच्या दिवशी एका हातातून रक्त बाहेर, मशिनमध्ये फिरून दुसऱ्या हातातून आत. साडेचार तास. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात. नर्सने कॅल्शियम दिलं. दोन्ही हात सरळ ठेवायचे असल्यामुळे नाक खाजवणं हा साडेचार तासांतला सगळ्यात अवघड प्रश्न होता. शेवटी एक पिशवी दिसली, टोमॅटोच्या साराच्या रंगाची. दोन-अडीचशे मिली. बास.

संध्याकाळी आकडे आले. स्टेम सेल, म्हणजे सीडी-34 पेशी, बंटीच्या वजनाच्या किलोमागे 61 लाख. चौसष्ट किलो धरले तर एकोणचाळीस कोटी. डॉक्टरांना पाच मिलियन हवे होते, सहाच्या वर मिळाले, सगळे खूष. मी इंजिनिअर, मला टक्केवारी काढल्याशिवाय चैन पडत नाही. पिशवीत एकूण पेशी होत्या सुमारे पाच हजार आठशे कोटी. म्हणजे ज्याच्या नावाने एवढा खटाटोप चालला त्या स्टेम सेल शंभरात एकही भरत नव्हत्या. आणि टी पेशी? दीड हजार कोटींच्या घरात. कमरेतून मॅरो काढला असता तर साधारण याच्या एक दशांश आल्या असत्या.

म्हणजे मी भावाला मूठभर बियाणं दिलं, आणि त्यासोबत एक आख्खी फौज.

ती फौज नको असते असंही नाही, हे मला पुढे कळलं. केमोतून निसटलेल्या कॅन्सरच्या पेशी हीच फौज हुडकून मारते. हुबेहूब जुळ्या भावाचा मॅरो दिला तर ल्युकेमिया परत येण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण त्या फौजेला सगळंच आपलं वाटतं. थोडं परकेपण लागतं. पण परकं वाटलं की ती कातडीला, डोळ्यांना, यकृतालाही परकं समजू शकते. याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट म्हणतात.

दहापट टी पेशी जाऊनही सुरुवातीचा, तीव्र स्वरूपाचा हल्ला दहापट होत नाही, आणि याचं एक कारण जी-सीएसएफने त्यांना आणलेला मवाळपणा मानतात. बीजिंगच्या हुआंग शिआओजुन यांच्या गटाने तर हाच मवाळपणा वापरून, अर्ध्याच जुळणाऱ्या नातेवाइकांचे ट्रान्सप्लांट टी पेशी न गाळता करून दाखवले. पण जुनाट, रेंगाळणाऱ्या हल्ल्याचं काय? 2012 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये 551 पेशंटांचा अभ्यास आला. नात्याबाहेरच्या दात्यांकडून अर्ध्यांना मॅरो, अर्ध्यांना इंजेक्शन देऊन काढलेल्या रक्तातल्या पेशी. दोन वर्षांनी जगण्यात म्हणावा असा फरक नाही. रक्तातल्या पेशी न रुजण्याचं प्रमाण 3 टक्के, मॅरोचं 9. आणि जुनाट ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट रक्तवाल्यांत 53 टक्के, मॅरोवाल्यांत 41. औषध काही तासांत रक्तातून जातं, त्याने लावलेलं वळण फार काळ टिकत नाही, पण दीड हजार कोटी तिथेच राहतात. मी तरी हे असं समजून घेतलं.

आम्हाला हे सगळं आधी सांगितलं होतं, सही पण घेतली होती. भावंडाचं रक्त घ्या, लवकर रुजतं, संसर्गाचे दिवस कमी होतात, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. बंटीच्या पेशी तेराव्या दिवशी आल्या. आईने वॉर्डाच्या काचेबाहेरून हात जोडले.

जुलैत, औषधं कमी करत आणल्यावर, त्याच्या तोंडात पांढऱ्या जाळ्या आल्या. तिखट लागेना. वऱ्हाडी माणसाला तिखट न लागणं म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? ठेच्याचा वास आला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग डोळ्यांतलं पाणीच गेलं. कोरडे, वाळू गेल्यासारखे डोळे. हातांची कातडी आवळायला लागली. स्टेरॉइड, मग रुक्सोलिटिनिब नावाची गोळी. मी तेव्हा गावी गेलो होतो. आई ओट्याशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

"काऊन रे, तुह्यं रक्तच त्याले चावून राह्यलं का?"

मी 'हो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? ती काही बोलली नाही, फोडणीत मोहरी टाकली.

त्या आठवड्यात मला एक वेडा प्रश्न छळत होता. मॅरो दिला असता तर? भूल, दोन दिवस कंबरदुखी, एवढंच ना. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, कदाचित हे झालं नसतं. कदाचित रुजलंच नसतं. कदाचित ल्युकेमिया परत आला असता आणि तुम्ही मला वेगळा प्रश्न विचारला असता. मला राग आला. प्रोडक्शनमध्ये बग आला की आपण लॉग बघतो, मागच्या व्हर्जनवर जातो, नेमकी ओळ सापडते. इथे मागचं व्हर्जन नाही. असो.

माझं स्वतःचं म्हणाल तर, आठवड्याभरात आकडा 6,900 वर आला, लिम्फोसाइट काही आठवडे थोडे कमी राहिले. या इंजेक्शनाने दात्याला पुढे कॅन्सर होतो का, ही मावसभावाची भीती होती. हजारो दात्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला आहे, तसं वाढलेलं दिसलेलं नाही. हे मी त्याला तीनदा पाठवलं. तरी वर्षातून एकदा सीबीसी काढून पाठव म्हणतो. पाठवतो.

मागच्या महिन्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसने धामणगावला उतरलो तेव्हा बंटी घ्यायला आला होता. डोळ्यांवर काळा गॉगल, कोरड्या डोळ्यांना वारा सोसत नाही म्हणून. रोग परत आलेला नाही. रक्तगट ओ, हिमोग्लोबिन एएस. ट्रान्सप्लांटनंतर लहानपणीच्या लसींची आठवण त्याचं शरीर विसरलं, म्हणून तो मधल्या काळात बाळांच्या रांगेत बसून सगळ्या लसी परत घेऊन आला. नर्सने म्हणे विचारलं होतं, 'बाळ कुठंय?'

स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. मी विचारलं, त्रास आहे का अजून.

"हाये ना थोडासा. सकाळच्या पारी जास्त. पण तोंड बरं हाये आता. परवा ठेचा खाल्ला."

"किती?"

"आई पाहे तवापर्यंत."

मग त्याने खिशातून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली, गॉगल कपाळावर सरकवला आणि आपला चहाचा कप माझ्याकडे दिला.

"धर जरा," म्हणाला, आणि मान मागे टाकली.